बुळबुळीत अंगाचे मोल

पावसाळा सुरू झाला की गांडुळे, गोगलगायी आणि बेडूक अंगणात दिसू लागतात. त्यांना पाहताच पुष्कळ जण नाक मुरडतात. कोणी बेडकाला खडा मारतो. कोणी गोगलगायीवर चिमूटभर मीठ टाकून तिची तडफड पाहत उभा राहतो. ज्याचे अंग बुळबुळीत, तो प्राणी घाणेरडा, ही समजूत या वागण्याच्या मुळाशी असते. ती कितपत खरी आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते कातडीनेच श्वास घेते. हवेतील प्राणवायू कातडीवरील ओलाव्यात विरघळतो आणि तेथून रक्तात जातो. कातडी सुकली की गांडूळ गुदमरून मरते. अंगातून पाझरणारा चिकट द्रव ही ओल टिकवून धरतो. बेडकाला फुप्फुसे असली, तरी त्याचाही बराचसा श्वासोच्छ्वास ओल्या कातडीतून चालतो. लोक ज्याला घाण म्हणतात, त्यावर या जीवांचे प्राण अवलंबून असतात.

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण माणसाच्या लबाडीविषयी आहे; परंतु गोगलगायीचा एकुलता एक रुंद पाय खरोखरच पोटाखाली असतो. चिकट द्रवाची वाट अंथरीत ती चालते. म्हणून खडबडीत दगडावर तिचे मऊ अंग सोलवटत नाही आणि उभ्या भिंतीवरूनही ती खाली पडत नाही. मीठ तिच्या अंगातील पाणी शोषून घेते. ती भराभर द्रव सोडून स्वतःला वाचवू पाहते आणि अखेर सुकून मरते. तिची ही धडपड करमणुकीचा विषय कशी होऊ शकते?

कोणी म्हणेल, गोगलगायी पिके खातात, त्यांचे काय? हा आक्षेप रास्त आहे. २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात त्यांनी सोयाबीनच्या कोवळ्या रोपांची मोठी नासाडी केली. शेतकऱ्याला पीक राखलेच पाहिजे. परंतु पीक राखणे वेगळे आणि गंमत म्हणून जीव घेणे वेगळे.

शिवाय हे प्राणी माणसाच्या उपकारकर्त्यांपैकी आहेत. गांडुळे जमीन कशी भुसभुशीत करतात, यावर चार्ल्स डार्विन यांनी १८८१ मध्ये एक सबंध ग्रंथ लिहिला. बेडूक पिकांवरील किडे खातो. भारतातील ‘बहुविस्तारा’ नावाच्या बेडकाच्या कातडीवरील स्रावात ‘उरुमिन’ हा पदार्थ सापडला. तो इन्फ्लुएंझाच्या काही विषाणूंचा नाश करतो, असे प्रयोगशाळेतील संशोधनातून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

ओली कातडी जसा प्राणवायू आत घेते, तसे पाण्यात मिसळलेले विषही आत घेते. म्हणून ओढ्यात वा डबक्यात कीटकनाशकाचे डबे धुणे योग्य नव्हे. वाटेत गांडूळ वळवळताना दिसले, तर ओल्या पानावर उचलून ते मातीत सोडावे. किळस वाटणे माणसाच्या हाती नसेल; पण किळस वाटली म्हणून खडा उचलायचा की नाही, हे खचितच त्याच्या हाती आहे.