दुकानाच्या वेबसाईटलाही रकाने हवेत

शाळेच्या दाखल्यात गाव, तालुका, जिल्हा असे वेगळे रकाने का असतात? सगळं एका ओळीत लिहिलं तर घोळ होतो म्हणून. वेबसाईटचंही तसंच. ‘सातारा रोड’ म्हणजे पुण्यातला रस्ता की कोरेगाव तालुक्यातलं गाव, हे आपण बोलण्यावरून ओळखतो. सर्च इंजिनला कसं कळणार? त्यासाठी २०११ पासून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’चे ठरलेले रकाने आहेत: पत्ता, फोन, उघडण्याची वेळ, सेवेचा भाग. सांगलीत मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याने त्यात मिरज, कुपवाडही जरूर लिहावं. पानावर नसलेलं मात्र कोडमध्ये घुसडू नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. आणि पालकहो, ‘एवढं केलं की पहिला नंबर नक्की’ म्हणत पैसे मागणाऱ्याला माझ्या मते चहा पाजून परत पाठवावं. नववी-दहावीची मुलं हे रकाने घरीच भरू शकतात.