गोल्फ : खेळ की हंगामी रोजगार?

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवळीवर फिरणारा साहेब उभा राहतो. पण 1991 आणि 1993 साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबवरचा कॅडी, म्हणजे दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारा पोऱ्या होता. 2006 मध्ये सुरू झालेल्या 'प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया'तही असे पोरगे उतरले. बंगळूरचा चिक्करंगप्पा त्यांपैकीच.

या टूरचा हंगाम म्हणजे गावोगाव भटकणे. प्रवेश फी, तिकीट, लॉजचे भाडे, कॅडीची मजुरी, बहुतेकांचे सारे पदरचे. दोन दिवसांत 36 होल झाले की 'कट' लागतो. साधारणपणे वरचे पन्नास व त्यांच्या बरोबरीचे पुढे जातात; बाकीच्यांना बक्षिसातली दमडी नाही. एका फटक्याने हुकलेल्यालाही नाही! आमची शेती कोरडवाहू. पेरणीचा खर्च होऊन पीक हाती न येणे म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

यात गुणवत्तेची कसोटी लागते, असे काहीजण म्हणतील. मला ते पटत नाही. घरून पैसे येणारा वाईट हंगामही रेटून नेतो; ज्याच्यावर घर चालते त्याने काय करावे?

अमेरिकेच्या पीजीए टूरने 2023 पासून खालच्या श्रेणीतल्या सभासदांना कट हुकल्यास 5,000 डॉलर खर्चापोटी द्यायचे ठरवले. तेवढा पैसा इथे नाही, कबूल. पण विजेत्याच्या लाखांतून थोडे बाजूला काढून हुकलेल्याची निदान कॅडीची मजुरी आणि परतीचे तिकीट तरी सुटावे.