पान पाहावे, पण बी पारखून घ्यावे



कापूरहोळच्या एका ताईंनी परवा दोन पाने माझ्या टेबलावर ठेवली. एक त्यांच्या ओढ्याकाठच्या जांभळाचे, वीतभर लांब, पातळ, वाकवले तर लवणारे. दुसरे त्यांच्या माहेरचे, रायरेश्वराच्या अंगाचे, आखूड, जाड, दुमडले की कट्‌कन मोडणारे. "साहेब, वरकसात बी टाकायचंय. दोन्ही जांभळंच ना? मग बी कुठलं घेऊ?"

दोन्ही जांभळेच. पान उजेडासमोर धरा. कडेच्या किंचित आत, कडेला धरून धावणारी शीर दिसते. बारीक तेलाचे ठिपकेही दिसतात. चुरगाळले की वास एकच. मग एवढा फरक का?

पानाच्या अंगावर मेणचट थर असतो. जांभळाच्या पानाच्या पाठीला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. झाड त्यांतूनच हवा घेते आणि त्यांतूनच पाणी उडते. जिथे पाणी जपून वापरावे लागते, तिथे पान लहान आणि जाड राहते, वरचा मेणाचा थरही दाट असतो. तुम्ही म्हणाल, घाटमाथ्यावर तर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस. खरे आहे, पण तो चार महिन्यांचा. खाली कातळ, त्यावर हातभर माती. पावसाचे पाणी वाहून जाते आणि पुढचे आठ महिने ऊन आणि वारा. ओढ्याकाठचे झाड मात्र चैत्रातही मुळाशी ओल धरून असते. नुसता पाऊस मोजून झाडाची तहान कळत नाही.

हिमालयात राई नावाचे सूचिपर्णी झाड आहे. त्याचे पान म्हणजे चौकोनी सुईच. तीही उन्हावाऱ्यात पाणी राखण्याचीच युक्ती. युरोपातल्या डोंगरांवर याच्या भाऊबंदांची मोठी जंगले आहेत. एकाच जातीच्या झाडांत सुईची लांबी, जाडी आणि आतल्या राळेच्या नळ्या डोंगरागणिक बदलतात, हे तिकडच्या वनशास्त्रज्ञांनी सुया कापून, भिंगाखाली धरून पाहिले आहे.

आता खरी गोम. झाडाचा हा गुण रक्तातला की जागेचा? एकाच जांभळाच्या शेंड्यावरचे उन्हातले पान जाड असते आणि आतल्या सावलीतले मोठे, पातळ. तेव्हा पाने ताडून पाहायची तर दोन्ही झाडांची उन्हाच्या बाजूची, सारख्या उंचीवरची, पुरती वाढलेली घ्या. एवढे केले तरी पान बघून रक्त ओळखता येत नाही. स्वीडनमधल्या ट्युरेसन नावाच्या शास्त्रज्ञाने यावर सोपा उपाय केला. समुद्रकाठची, रानातली अशी ठिकठिकाणची एकाच जातीची रोपे आणून त्याने एकाच बागेत शेजारी शेजारी वाढवली. काही फरक मावळले, पण पुष्कळसे टिकून राहिले. ते वंशाचे. १९२२ साली त्याने हे मांडले. युरोपातल्या त्या सूचिपर्णी झाडांतही उंचावरच्या बियाची रोपे खाली आणून लावली, तरी ती वाढ लवकर आवरती घेतात. मूळ गावची सवय सुटत नाही!

म्हणून ताईंना मी सांगितले, दोन्हीकडचे बी घ्या. वरकसात एक ओळ माहेरची, एक सासरची. जमीन तीच, खड्डा तोच, पाणी सारखे. तीन उन्हाळे काढले की कोणते रान तुमच्या मुरमाला मानवते ते तुमच्याच डोळ्यांना दिसेल. कुठल्या झाडाचे बी आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडून गाडीभर रोपे आणून बांध भरण्यापेक्षा हे बरे. रोप मेले तर पैसे थोडेच जातात, पण वर्षे जातात, आणि ती कोणी भरून देत नाही. फळ बाजारात विकायचे असेल तर मात्र चांगल्या जातीची कलमेच लावावीत. कलमाचा खुंट कुठल्या बियाचा, हे तिथेही विचारावे.

बी एकाच झाडाचे घेऊ नका. एकमेकांपासून लांबची दहा-बारा निरोगी झाडे निवडा. फळ पुरते पिकलेले हवे. गर धुऊन बी लगेच पिशवीत लावा. जांभळाचे बी डब्यात भरून पुढच्या साली लावू म्हणाल, तर ते उगवणार नाही. पंधरा दिवसांतच त्याचा जीव जाऊ लागतो. एका बियातून दोन-तीन रोपे आली तर घाबरू नका, जांभळात असे होते. जोमदार ठेवा, बाकीची अलगद काढा.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर मुलांना कामाला लावा. पानाच्या पाठीला बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, वाळला की चिकटपट्टीने सोलायचा आणि काचेवर चिकटवायचा. रंध्रांचे ठसे स्पष्ट उमटतात. दोन्ही पानांचे मोजून पाहा.

आणि पिशव्यांवर खुणा करताना शाई वापरू नका, पहिल्याच पावसात जाते. डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून खिळ्याने गावाचे नाव कोरा आणि तारेने बांधा.