मूत्राशयाच्या विकारात यशाचे माप रुग्णाच्या हाती

अतिक्रियाशील मूत्राशय, अर्थात ‘ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर’, या विकारावरील उपचारांचे यश आजवर प्रामुख्याने आकड्यांत मोजले गेले आहे. रुग्ण काही दिवस लघवीची नोंदवही ठेवतो. फेऱ्या आणि गळतीचे प्रसंग किती घटले, हे त्यावरून पाहिले जाते. या मोजणीला रुग्णाने स्वतः ठरविलेल्या उद्दिष्टांची जोड देण्याचा आग्रह आता वाढत आहे.

त्याचे कारण विकाराच्या स्वरूपातच आहे. इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीच्या २००२ मधील व्याख्येनुसार अचानक येणारी, रोखण्यास कठीण अशी लघवीची घाई हे याचे मुख्य लक्षण होय. ही घाई म्हणजे रुग्णाची जाणीव. ती बाहेरून मोजता येत नाही. दिवसाच्या बारा फेऱ्या नऊवर आल्या, तर तक्त्यात सुधारणा दिसते. परंतु दोन तासांचा बसप्रवास निर्धास्तपणे करता यावा, एवढ्याचसाठी आलेल्या महिलेला तो अजूनही टाळावा लागत असेल, तर तिच्या लेखी उपचार अपुरेच ठरतात.

उद्दिष्टे मोजण्याची पद्धत नवी नाही. अमेरिकेत थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन यांनी १९६८ मध्ये मानसिक आरोग्यसेवेसाठी ती मांडली. उपचारापूर्वीच उद्दिष्ट ठरते. अपेक्षेइतके साध्य झाल्यास शून्य, त्याहून अधिक झाल्यास +२ पर्यंत, तर कमी पडल्यास -२ पर्यंत गुण दिले जातात. पुढे मूत्रमार्गाच्या लक्षणांसाठी ‘सागा’ ही स्वतंत्र प्रश्नावलीही तयार झाली.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. प्रत्येकाचे उद्दिष्ट वेगळे असल्याने दोन औषधांची तुलना अवघड होते. उद्दिष्ट फारच सोपे ठेवल्यास यश फुगते. पूर्ण बरे होण्याची अपेक्षा धरल्यास खरी सुधारणाही अपयश वाटते. त्यामुळे नोंदवहीला ती पर्याय ठरू शकत नाही.

तिचा खरा उपयोग पहिल्या भेटीतील संवादात आहे. तोंडाला कोरड पडणे, बद्धकोष्ठता अशा दुष्परिणामांमुळे किंवा अपेक्षाभंगामुळे अनेक रुग्ण औषध मध्येच सोडतात. काय साधेल, किती काळात साधेल आणि मूत्राशयाला वळण लावण्याच्या सरावाचा वाटा किती, हे आधी ठरले तर तो धोका कमी होऊ शकतो. भारतातील गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागांत अशा संवादाला वेळ मिळणे कठीण आहे; तरीही ‘आपल्याला नेमके काय करता यायला हवे?’ हा एक प्रश्न विचारण्यास कोणतेही उपकरण लागत नाही.