भोक पाडलंत, पुढे काय?

ते रील तुम्हीही पाहिलं असेल. गोठलेलं तळं, चेनसॉची घरघर, उडणारा बर्फाचा भुगा. चौकोनी लादी सुटते आणि खाली काळंशार पाणी दिसतं. पंधरा सेकंदांचा खेळ. भारी वाटतं, खोटं कशाला बोला!

पण रील जिथे संपतं, खरी गोष्ट तिथून सुरू होते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये विनेबागो नावाचं तळं आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारपासून तिथे भाल्याने स्टर्जन मासा मारायचा हंगाम असतो. गळ टाकायला आठ-दहा इंचांचं भोक पुरतं, ते गिरमिटानेही पडतं. भालेवाले मात्र अंधाऱ्या खोपटात बसून तासन् तास खाली पाण्यात नजर लावतात. त्यासाठी मोठं भोक हवं, म्हणून चेनसॉ. भोक 48 चौरस फुटांपर्यंत चालतं. म्हणजे आपल्या फ्लॅटमधल्या बाथरूमएवढं!

आता विचार करा. कापलेली लादी बर्फाखाली ढकलली, दिवसभर बसलात, घरी गेलात. रात्रीतून त्या भोकावर पातळ पापुद्रा धरतो, वर बर्फ भुरभुरतो. दुसऱ्या दिवशी तिथून चालणाऱ्याला काय कळणार? म्हणून जाणकार मंडळी निघताना भोकाशी काठ्या किंवा फांद्या उभ्या करतात. हे कुणी शूट करत नाही. पावसात उघडं मॅनहोल म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला हवं का?

कापण्याआधीचं कामही रीलमध्ये नसतं. नुसतं चालायचं तरी स्वच्छ, कडक बर्फ किमान 4 इंच जाड हवा, असं मिनेसोटाचं निसर्गसंपदा खातं सांगतं. पांढरा, भुसभुशीत बर्फ असेल तर दुप्पट. त्यामुळे पाऊल टाकत, मोजत पुढे जायचं. चेनसॉच्या साखळीचं तेल पाण्यात उतरतं, म्हणून काही जण त्याऐवजी खाण्याचं तेल वापरतात.

आणि मासा? स्टर्जनची मादी अंडी घालण्याच्या वयात यायला वीसहून जास्त वर्षं लागतात. म्हणजे जवळपास तुमच्या-माझ्या वयाची! म्हणून मारायच्या माशांची मर्यादा ठरलेली असते. ती गाठली की सोळा दिवसांचा हंगाम आधीच बंद. कुरकुर चालत नाही. म्हणूनच त्या तळ्यात आजही स्टर्जन आहे.

माझं म्हणणं एवढंच, की दमदार मशीन हातात असणं म्हणजे हुशारी नव्हे. दोन मिनिटांत भोक कुणीही पाडेल. थंडीने बोटं आखडलेली असताना, घरी जायची घाई असताना, अनोळखी माणसासाठी तिथे काठी रोवणारा खरा भिडू.

तुमच्यापैकी कुणी शिकायला तिकडे जाणार असाल आणि मित्रांनी तळ्यावर नेलं, तर जा बिनधास्त. फक्त निघताना एकदा मागे वळून बघा. काठी रोवलीत ना?