दिंडीची गाडी : चाकांवरचं बिऱ्हाड

ज्येष्ठ तोंडावर आला की गावोगाव एकच धांदल सुरू होते. एकीकडे मृगाच्या पावसाची वाट, बी-बियाणं, खतं. दुसरीकडे दिंडीची भिशी गोळा करणं, राहुट्या उसवल्या असतील तर शिवून घेणं आणि गाडी ठरवणं. टाळ, मृदंग, वीणा, पताका यांची काळजी करणारे जाणते लोक प्रत्येक गावात असतात. पण गाडीचं काम मात्र 'बघू, ऐन वेळी भरू' असंच चालतं. म्हणून या खेपेला आपण गाडीबद्दलच बोलू.

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोचते. तुकोबारायांची पालखी एक दिवस आधी, सप्तमीला देहूहून निघते. म्हणजे अडीच आठवडे चाळीस-पन्नास माणसांचं घर चाकांवर असतं. स्वयंपाकघर तेच, कोठी तीच, पाण्याचं रांजणही तेच. तुम्ही गावातून थेट पायी निघत असाल तर दिवस आणखी वाढतात. एवढा संसार चालवायचा तर त्याला शिस्त हवी. घरात कणगी कुठं, मिठाची बरणी कुठं हे डोळे मिटून सापडतं. गाडीतही तसंच सापडलं पाहिजे.

आधी वजनाचा हिशेब

गाडी भाड्यानं घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. चाळीस माणसांची दिंडी धरा. माणशी रोज तीनशे ग्रॅम पीठ, दीडशे ग्रॅम तांदूळ, पाऊणशे ग्रॅम डाळ धरली, तर दिवसाला बारा किलो पीठ, सहा किलो तांदूळ आणि तीन किलो डाळ झाली. अठरा दिवसांचं हे पावणेचारशे किलोच्या वर जातं. पण वाटेत अन्नदान असतं, एकादशी येते आणि बाजाराची गावंही लागतात. तेव्हा निघताना निम्माच शिधा, म्हणजे एकशे नव्वद किलोच्या आसपास, बरोबर घ्यावा.

आता पाणी. दोनशे लिटरचा एक पिंप म्हणजे दोनशे किलो. दोन पिंप म्हणजे चारशे. माणशी आठ किलोची वळकटी धरली तर तीनशे वीस किलो. बांबू-मेखांसकट पाच राहुट्या दीडशे किलो, भरलेल्या दोन टाक्या साठ किलो, भांडी-कढया शंभर, तेल-मीठ-भाजीपाला शंभर. बेरीज मारा : तेराशे किलोच्या वर गेली. 'छोटी पिकअप पुरंल की' असं म्हणणाऱ्यांनी ही बेरीज डोळ्यांखालून घालावी. गाडी किती वजन पेलू शकते हे तिच्या आर. सी. बुकावर लिहिलेलं असतं. ते पाहूनच सौदा करावा. जादा भरलेल्या गाडीचा ब्रेक उतारावर लागत नाही, आणि पुढं तर वारकऱ्यांची रांग चालत असते.

भरण्याचा क्रम

जे मुक्कामावर आधी लागतं ते सर्वांत शेवटी भरायचं, हा पहिला नियम. तळावर पोचल्यावर पहिल्यांदा राहुट्या ठोकायच्या असतात, मग चूल मांडायची, आणि वळकट्या तर रात्री लागतात. म्हणून सकाळी आधी वळकट्या आत जाव्यात, मग भांडी, आणि राहुट्या शेवटी. पहाटे उठल्यावर आवरण्याचा क्रमही हाच असतो, त्यामुळे वेगळं लक्षात ठेवायला नको.

दुसरा नियम, जड ते खाली. हौद्याच्या तळाला लाकडी फळ्या टाका, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरलं तरी पोत्यांना ओल लागणार नाही. धान्याची पोती केबिनच्या बाजूला खाली, त्यांच्यावर वळकट्या. पाण्याचे पिंप मागच्या चाकांच्या किंचित पुढं, एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि दोरानं आवळून. वाटेत एक पिंप अर्धा आणि दुसरा भरलेला ठेवू नका. अर्ध्या पिंपातलं पाणी हेलकावे खातं आणि वळणावर गाडी कलते. पिंपाला खाली तोटी बसवून तिथून नळी मागच्या फाळक्यापर्यंत आणली, की म्हाताऱ्या माणसाला पाण्यासाठी गाडीत चढावं लागत नाही.

मसाले, चहा-साखर, तेल, काडेपेट्या यांना टोमॅटोची प्लास्टिकची कॅरेट उत्तम. एक कॅरेट चहाचं, एक फोडणीचं, एक उपवासाचं, एक औषधाचं. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधा. वाचता न येणाऱ्या आजीलाही लाल चिंधीचं कॅरेट म्हणजे औषध हे कळतं. वळकटीवर रंगानं नंबर घाला आणि तोच नंबर माणसाला द्या, म्हणजे रात्री अंधारात 'माझी गोधडी कुठं' हा गोंधळ होत नाही. पीठ सगळं एकदम दळून नेऊ नका. पावसाळी हवेत ते लवकर खराब होतं. गहू-ज्वारी न्यावी आणि चार-पाच दिवसांनी वाटेतल्या मोठ्या गावात दळून घ्यावी.

पाणी आणि पोट

पिंप जिथं भराल तिथं पाणी कुठलं याची चौकशी करा. शंका असेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण वेष्टनावरच्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबा, मगच प्या. पिण्याचा आणि वापरण्याचा पिंप वेगळा असावा. पिण्याच्या पिंपात तांब्या बुडवू द्यायचा नाही, तोटीनंच घ्यायचं. एवढा एक नियम पाळला तरी निम्मे आजार टळतात. तरीही जुलाब सुरू झालेच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट देत राहावं. चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नये. दवाखान्याच्या पाकिटातली पूड मिळाली तर ती अधिक चांगली.

बी.पी., साखर, दमा यांच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या कनवटीला नकोत. पिशवीवर नाव घालून लाल चिंधीच्या कॅरेटमध्ये ठेवा, आणि कोणाला काय चालू आहे याची यादी एका कागदावर करून केबिनमध्ये लावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक प्रत्येकाला पाठ असावा. राहुटीत साप चावला तर दोर आवळणं, चिरा मारणं असले प्रकार न करता माणसाला हलू न देता सरळ सरकारी दवाखान्यात न्यावं.

विस्तव

गॅसच्या टाकीबद्दल जरा कडक बोलतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर उडून जात नाही, हौद्याच्या तळाला साचून राहतो, आणि एक काडी पुरते. म्हणून टाकी नेहमी उभी, मागच्या कोपऱ्यात बांधलेली असावी. गाडी चालू असताना रेग्युलेटर काढलेला आणि टोपण लावलेलं असावं. हौद्यात बसून चहा करायचा नाही. कितीही पाऊस असला तरी स्वयंपाक खाली, गाडीपासून दहा-बारा पावलं लांब, चारही बाजूंनी हवा येईल अशा ताडपत्रीखाली. वाळूची एक बादली शेजारी असू द्यावी.

थंडी वाजते म्हणून बंद राहुटीत किंवा ताडपत्री पाडलेल्या हौद्यात कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. केबिनमध्ये इंजिन चालू ठेवून झोपणाऱ्यालाही हाच धोका आहे.

गाडीखाली कोणी झोपायचं नाही

हे सर्वांत महत्त्वाचं. रात्री पाऊस आला की माणसं आडोसा शोधत गाडीखाली शिरतात. दिवसभर चालून थकलेल्या जिवाला तिथं गाढ झोप लागते. पहाटे तीनला अंधारात कोणीतरी गाडी सुरू करतं, आणि मग जे होतं ते सांगायला नको. 'झोपू नका' एवढं म्हणून भागत नाही, कारण पावसात माणूस आडोसा शोधणारच. म्हणून एक मोठी ताडपत्री जादा न्या आणि ती गाडीपासून लांब ताणून ठेवा, म्हणजे ज्याला राहुटीत जागा नाही त्याला तिथं मिळेल. मुक्कामावर गाडीच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि चारही बाजूंनी दोर बांधा. किल्ली ड्रायव्हर आणि एक ठरलेला माणूस यांच्याकडंच राहील. सुरू करण्याआधी दोघांनी बॅटरी घेऊन गाडीभोवती फेरी मारायची, खाली वाकून पाहायचं, हाक द्यायची, आणि मगच ठोकळे काढायचे.

ड्रायव्हरला रात्रीची सहा-सात तासांची सलग झोप मिळाली पाहिजे. पहाटे राहुट्या काढायला तोच, दुपारी भाजी आणायला तोच, रात्री भजनाला चहा आणायलाही तोच, असं करू नका. मोबाईल चार्ज करायला रात्रभर गाडीच्या बॅटरीला वायरी लावाल तर सकाळी गाडी ढकलावी लागेल. इंजिन चालू असतानाच काय ते चार्जिंग करून घ्या. स्टेपनीची हवा, जॅक आणि पाना निघण्याच्या आदल्या दिवशी पाहून ठेवा, आणि ते वळकट्यांच्या ढिगाखाली पुरू नका.

माणसं आणि माल

दिंडीची गाडी मालाची आहे, माणसांची नाही. पायाला फोड आले, ताप आला, म्हणून चार जणांना हौद्यात बसवलं जातं आणि ती सवयच होऊन जाते. मालवाहू गाडीतल्या उतारूंची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली दिलेला आहे. मालाबरोबरचा मालक किंवा त्याचा माणूस यांची गोष्ट तेवढी वेगळी. म्हणजे गाडी उलटली तर जीव जातो तो जातोच, आणि मागं राहिलेल्यांच्या हातीही काही लागत नाही. सर्वांत मोठी गर्दी परतीच्या वाटेवर होते. एकादशी झाली, आता लवकर घर गाठायचं, म्हणून सगळी दिंडी हौद्यात चढते. त्याऐवजी एस. टी. धरा. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना २०२२ पासून तिकीटच नाही, आणि महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. हिशेब केला तर फार पैसेही पडत नाहीत.

आणि शेवटी, वारी कोणाची?

आता ज्या मायबहिणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्या पुरुषांसाठी तर जास्तच. कित्येक दिंड्यांत स्वयंपाकाच्या बाया वारीला जातात, पण वारीत चालत नाहीत. पहाटे चहा, मग भांडी, मग गाडीबरोबर पुढच्या तळावर, तिथं कांदा चिरणं, भाकरी थापणं. दिवे घाटात पालखी चढताना दिसत नाही, लोणंदच्या पुढचं चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण दिसत नाही. पंढरपूरला पोचल्यावर कोणी विचारलं तर सांगायला फक्त चुलीचा धूर.

हे बदलता येतं, आणि त्याची सुरुवात गाडीपासून होते. गाडी नीट लावलेली असली, कॅरेटं हाताशी असली, पाणी तोटीला असलं, की जिथं सहा माणसं लागतात तिथं तिघांत काम भागतं. मग पाळ्या लावा. चाळीस माणसांत पाच-पाच जणांच्या आठ टोळ्या होतात. एका दिवशी एक टोळी गाडीबरोबर, बाकीच्या सात पालखीबरोबर. अठरा दिवसांत प्रत्येकाच्या वाट्याला गाडीचे दोन-तीनच दिवस येतात. टोळीत पुरुष आणि बाया दोन्ही असाव्यात. भाकरी थापता येत नसेल त्यानं पाणी भरावं, भांडी घासावी. टाळ धरणाऱ्या हाताला घासणी धरायला जड जाऊ नये.

बायांच्या अंघोळीसाठी चार बांबू आणि जाड कापडाचा आडोसा गाडीतच ठेवा आणि तो राहुट्यांबरोबरच उभा करा. तळावर शासनाची फिरती शौचालयं असतात. ती कुठं आहेत ते गाडीबरोबर आलेल्या टोळीनं आधी पाहून ठेवावं आणि रात्री जाताना दोघी-तिघींनी मिळून बॅटरी घेऊन जावं. पाळीच्या वेळच्या पॅडची एक पिशवी औषधाच्या कॅरेटमध्ये, कोणाला मागावी लागू नये अशी ठेवावी. वापरलेल्यांसाठी वेगळी पिशवी असावी. ती शेतात किंवा ओढ्यात टाकू नये. ते कोणाचं तरी रान आहे.

तेव्हा निघण्याच्या आठ दिवस आधी दिंडीची बैठक घ्या. गाडीची यादी, वजनाचा हिशेब आणि टोळ्यांच्या पाळ्या या तीन गोष्टी कागदावर उतरवा आणि कागद देवळाच्या भिंतीवर लावा. मग आदल्या दिवशी एकदा गाडी भरून, परत उतरवून पाहा. तासाभराचं काम आहे, पण त्यात काय राहिलं ते तिथंच कळतं.

पेरण्या वेळेवर होवोत, आणि वाटेत सगळे सुखरूप असा. राम कृष्ण हरी.