पिठाचा कोंबडा आणि प्लास्टिकची बंदूक

३१ ऑक्टोबरला आमच्या विरारच्या सोसायटीत हॅलोविन आहे. नातवाला ‘केजीएफ २’मधला रॉकीभाई व्हायचंय, पोलीस ठाण्यावर मशीनगन चालवणारा. सून म्हणाली, “आई, प्लास्टिकची तर आहे!”

मला यशोधर राजा आठवला. आईच्या, चंद्रमतीच्या, आग्रहावरून त्यानं बळी दिला तोही पिठाचाच कोंबडा होता. पण मारण्याचा भाव खरा होता. या संकल्पी हिंसेपायी मायलेकांना कितीतरी जन्म पशुयोनीत काढावे लागले.

दाढी-कोटाला माझी हरकत नाही (सिनेमा मीही पाहिलाय). पण बंदूक रोखून “ठो!” म्हणताना मनात कुणीतरी मरतंच ना? दिवाळीत टिकल्यांची पिस्तुलं मीच आणायचे, हेही खरं. यंदा तीही नाहीत.

रॉकीभाई रिकाम्या हातानं जाणार. सध्या रुसून बसलाय.